फॉर्मचा रंग बदलला, पण निम्मी कंट्रोल्स ऐकतच नाहीत (विनफॉर्म्स)

यंत्रमाग_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. व्हीबी डॉट नेट, विनफॉर्म्स (विंडोजवरचे फॉर्म आणि त्यावरची लेबलं, बटणं, चौकोन म्हणजे कंट्रोल्स बनवायची सोय), फ्रेमवर्क ४.८. सूत आवक, गेट पास, गाठींचं पॅकिंग, जीएसटी बिल, सगळं त्यातच.

घरातल्याच दोन फर्म आहेत. एक्झी एकच, लॉगिनला फर्म निवडायची. गोम तिथेच आहे. काउंटरवरचा माणूस सकाळी एका फर्मचं चलन काढतो, दुपारी दुसरीची आवक टाकतो, आणि कधीतरी याचं त्याला जातं. मग महिनाअखेरीस सीएंच्या ऑफिसातून फोन. मालकांनी उपाय सांगितला की एका फर्मची स्क्रीन फिकट पिवळसर ठेवा आणि दुसरीची फिकट निळी. रंगसुद्धा डाइंगच्या शेड कार्डावर बोट ठेवून दाखवले.

सोपं काम वाटलं. सगळे फॉर्म एका बेस फॉर्मवरून आलेत, तर त्याच्या लोडमध्ये फॉर्मच्या बॅककलरला (मागच्या रंगाला) फर्मचा रंग दिला. चालवून बघितलं तर असं झालं:

लेबलं, चेकबॉक्स, पॅनेल, ग्रुपबॉक्स पिवळे झाले. टेक्स्टबॉक्स आणि कॉम्बो पांढरेच राहिले. बटणं राखाडीच, पण जी बटणं मी कोडमधून तयार करतो ती मात्र पिवळी! टॅबच्या आतलं काहीच हललं नाही. ग्रिडमागची (नोंदींच्या तक्त्यामागची) गडद राखाडी जागा तशीच. आणि कहर म्हणजे गेट पासच्या फॉर्मवर एका रांगेतली सगळी लेबलं पिवळी आणि मधलं 'वाहन क्र.' एकटंच राखाडी.

कुणाला रंग मिळतो, कुणाला नाही, याचा काही नियम आहे की नाही?

---

कडकभाकरी

एवढं काय बे त्यात. एक रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं) फंक्शन लिही. फॉर्ममधल्या प्रत्येक कंट्रोलला रंग द्यायचा, त्याच्या पोटात आणखी कंट्रोल्स असतील तर त्यांनाही द्यायचा. चार ओळी. मी सगळ्या प्रोजेक्टांत हेच टाकतो. नियम-बियम शोधत बसशील तर दिवाळी येईल.

---

डेल्फी_मास्तर

कडकभाकरी, थांबा जरा. चार ओळी टाकायला हरकत नाही, पण नियम कळला तर त्यातल्या तीन लागतच नाहीत.

विनफॉर्म्समध्ये बॅककलर, फोरकलर (अक्षरांचा रंग), फॉन्ट, कर्सर ही 'अँबियंट' प्रॉपर्टी आहेत. राइट-टू-लेफ्टही तसंच चालतं. लेबलाला तुम्ही रंग दिलेला नसेल तर त्याच्याजवळ स्वतःचा रंग नसतोच, ती जागा रिकामी असते. कुणी विचारलं 'तुझा बॅककलर काय', की ते आधी स्वतःकडे बघतं. रिकामं असेल तर आपल्या पेरेंटला (ज्याच्या पोटात ते बसलंय त्याला) विचारतं. पेरेंट पॅनेल असेल आणि तेही रिकामं असेल तर ते त्याच्या पेरेंटला विचारतं. असं वर वर जात फॉर्मपाशी थांबतं. फॉर्म आणखी वर विचारत नाही. त्याला रंग दिला असेल तर तो, नाहीतर सिस्टिमचा 'कंट्रोल' रंग.

म्हणजे फॉर्मचा रंग खाली कुठे कॉपी होत नाही. दर वेळी विचारला जातो. म्हणून तर फॉर्मचा एक रंग बदलला की ज्यांची जागा रिकामी आहे ती सगळी कंट्रोल्स आपोआप बदलतात, त्यांच्या बॅककलर-चेंज्ड इव्हेंटसकट.

आता तुमचं 'वाहन क्र.'. त्याची प्रॉपर्टी विंडो उघडा. बॅककलरसमोरची किंमत ठळक अक्षरात दिसतेय का बघा.

---

यंत्रमाग_पूर्वभाग

मास्तर, ठळकच आहे! पण किंमत 'कंट्रोल' हीच आहे, म्हणजे डीफॉल्टच की.

---

डेल्फी_मास्तर

दिसायला डीफॉल्ट, पण ती कुणीतरी निवडलेली आहे. कधीतरी कुणी त्या लेबलाला लाल-बिल रंग लावून बघितला असेल, आणि परत पहिल्यासारखं करायचं म्हणून यादीतून 'कंट्रोल' उचलला असेल. डोळ्याला फरक दिसत नाही, पण आता त्या लेबलाजवळ स्वतःचा रंग आहे. ते वर विचारायला जाणारच नाही. डिझायनरच्या फाइलमध्ये (फॉर्म माउसने मांडला की आपोआप लिहिली जाते ती) त्या लेबलाखाली बॅककलरची एक ओळ सापडेल. शेजारच्या लेबलांखाली ती नसेल.

प्रॉपर्टीवर राइट क्लिक करून 'रीसेट' म्हणा, ओळ निघून जाईल. कोडमधून करायचं असेल तर बॅककलरला कलर डॉट एम्प्टी द्या, किंवा रीसेट-बॅककलर बोलवा. पांढरा नको, ग्रे नको, 'कंट्रोल'ही नको. एम्प्टीच.

---

यंत्रमाग_पूर्वभाग

झालं! आणि सगळ्या डिझायनर फाइलींत शोध मारला तर असे ठळकवाले कितीतरी निघाले. काही तर लेबल कॉपी-पेस्ट करताना सोबत आलेले दिसतात.

पण मग टेक्स्टबॉक्सांना मी कधीच रंग दिलेला नाही. ते का ऐकत नाहीत?

---

बाळीवेसकर

कारण टेक्स्टबॉक्सचा नियम वेगळा लिहिलाय. त्याच्या वर्गात बॅककलर ओव्हरराइड केलेला (मूळचा नियम बदललेला) आहे. जागा रिकामी असेल तर तो पेरेंटकडे जात नाही, सरळ सिस्टिमचा 'विंडो' रंग सांगतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी पांढरा. रीडओन्ली (नुसता वाचायचा) असेल तर 'कंट्रोल' सांगतो. अक्षरांचा रंग 'विंडोटेक्स्ट'. लिस्टबॉक्स, कॉम्बो, लिस्टव्ह्यू, ट्रीव्ह्यू सगळे याच पंथातले. आणि ते बरोबरच आहे. जिथे लिहायचं ती जागा कागदासारखी पांढरी आणि आजूबाजूला फॉर्म, हा फरक डोळ्याला हवाच. तुझ्या काउंटरवरच्या माणसालाही हवा.

बटणांची गंमत निराळी. २००५ मध्ये फ्रेमवर्क २.० बरोबर 'यूज-व्हिज्युअल-स्टाइल-बॅक-कलर' ही प्रॉपर्टी आली. ती खरी असेल आणि व्हिज्युअल स्टाइल्स (विंडोजच्या थीमचं रूप) चालू असतील तर बटणाचं अंग विंडोजची थीम रंगवते, बॅककलरला कुणी विचारत नाही. डिझायनरमधून बटण टाकलंस की डिझायनर स्वतःच ही प्रॉपर्टी खरी करून फाइलमध्ये लिहून टाकतो. कोडमधून नुसतं न्यू बटण केलंस तर ती कुणीच लिहिलेली नसते. मग बटण बघतं की मला वरून आलेला रंग 'कंट्रोल' आहे का? असला तर थीम वापरतं, नसला तर आलेला रंग अंगाला लावतं. तुझा फॉर्म पिवळा, म्हणून कोडवाली बटणं पिवळी.

एकसारखी हवी असतील तर कोडमधल्या बटणांना ती प्रॉपर्टी खरी कर. उलट सगळीच पिवळी हवी असतील तर डिझायनरवाल्यांची खोटी कर, रंग द्यायची गरज नाही.

आणि लक्षात ठेव, बटणाच्या बॅककलरला एकदा हात लावलास की ही प्रॉपर्टी आपोआप खोटी होते. कडकभाकरीच्या चार ओळींनंतर सगळी बटणं चपटी, एक्सपीच्या आधीच्या काळातली दिसायला लागतात ती त्यामुळेच.

---

कडकभाकरी

माझी बटणं चपटीच छान दिसतात 😄 आणि बाळीवेसकर, गिऱ्हाइकाला इनहेरिटन्स (रंग वरून मिळणं) दिसत नाही, रंग दिसतो. चार ओळीत काम होतंय तर पुराण कशाला?

---

डेल्फी_मास्तर

अवांतर: डेल्फीत (फॉर्म बनवायचं दुसरं एक साधन) हे सगळं उघड्यावर होतं. प्रत्येक कंट्रोलला 'पेरेंटकलर' नावाची हो-नाही प्रॉपर्टी. रंग दिलात की ती आपोआप नाही व्हायची, परत हो केलीत की रंग पुन्हा वरून यायचा. एडिट बॉक्सची आधीपासूनच नाही. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर उघडला की कळायचं कोण कुणाचं ऐकतंय. डॉट नेटवाल्यांनी तीच गोष्ट रिकाम्या जागेत लपवली आणि ओळखायला फक्त ठळक अक्षर ठेवलं.

व्हीबी ६ मध्ये तर हा प्रकारच नव्हता. प्रत्येक लेबल आपापला बटनफेस रंग घेऊन बसायचं. फॉर्म बदलला की एकेकाला धरून बदला, नाहीतर बॅकस्टाइल ट्रान्स्परंट करा. बटणाला तर स्टाइल ग्राफिकल केल्याशिवाय रंग लागायचाच नाही. तेव्हा आम्हीही कडकभाकरींचीच लूप लिहायचो, कारण दुसरा इलाज नव्हता.

---

परतले_सोलापूरला

मास्तरांशी सहमत. बेंगळुरूला असताना असल्याच लूपवाल्या कोडची साफसफाई माझ्या गळ्यात आली होती, त्यामुळे लूपने काय काय होतं ते नीट माहीत आहे.

पहिलं म्हणजे रीडओन्ली. टेक्स्टबॉक्सला एकदा रंग दिला की रीडओन्ली केल्यावर त्याने आपोआप राखाडी होणं बंद होतं. बिल फायनल झाल्यावर रकमेचा चौकोन राखाडी व्हायचा, तो आता पिवळाच राहणार आणि ऑपरेटर त्यात टाइप करत बसणार. दुसरं म्हणजे तुम्ही मुद्दाम दिलेले रंग. पार्टीचं येणं मर्यादेबाहेर गेलं की लाल होणारं लेबल, भरायलाच हवा म्हणून फिकट केलेला जीएसटी क्रमांकाचा रकाना, हे सगळं लूप पुसून टाकते. मग 'याला सोडून, त्याला सोडून' अशा अटी वाढत जातात आणि चार ओळींच्या चाळीस होतात. मग कुणाला तरी शहाणपण सुचतं की ट्रान्स्परंट देऊ, म्हणजे मागचा रंग दिसेल. टेक्स्टबॉक्सला तो दिलात की तिथल्या तिथे एक्सेप्शन. त्याला पारदर्शक रंग चालतच नाही.

लूप चालून गेल्यावर जे कंट्रोल जन्माला येतं ते तिच्या हाती लागत नाहीच. टूलस्ट्रिपवरची बटणं तर मुळात कंट्रोल्सच्या यादीत नसतात, ती टूलस्ट्रिप-आयटम असतात. इनहेरिटन्सवर सोडलंत तर नंतर ॲड केलेलं लेबल पॅनेलमध्ये शिरल्या शिरल्या रंग घेतं, कुणी काही न करता.

हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बॅककलर द्याल तेव्हा फोरकलरही द्या. तुम्ही पिवळा पक्का केलात आणि अक्षरांचा रंग सिस्टिमवर सोडलात, तर ज्याने विंडोजमध्ये काळा हाय कॉन्ट्रास्ट लावलाय त्याला पिवळ्यावर पांढरी अक्षरं दिसतील. एकतर दोन्ही सिस्टिमचे, नाहीतर दोन्ही आपले. यंत्रमाग, तुम्हाला फॉर्मवर या दोनच ओळी पुरतात. सिस्टिम-इन्फर्मेशनमध्ये हाय-कॉन्ट्रास्ट चालू आहे का ते विचारता येतं. चालू असेल तर फर्मचा रंग लावूच नका, वर नुसती मोठ्या अक्षरांत फर्मचं नाव असलेली पट्टी ठेवा.

---

यंत्रमाग_पूर्वभाग

ताई, रीडओन्लीवालं तर आमच्याकडे बिल फॉर्मवर जसंच्या तसं आहे. लूप रद्द. (कडकभाकरी, रागावू नको लेका.)

फोरकलरवरून आठवलं. ग्रुपबॉक्सचं नाव निळं आणि ठळक करायला गेलो तर आतली सगळी लेबलं निळी आणि ठळक झाली. तेही हेच का?

---

बाळीवेसकर

हेच. ग्रुपबॉक्सच्या मथळ्याला वेगळा रंग नसतो, जो फोरकलर तोच मथळ्याचा, आणि तोच आतल्यांनी विचारला की त्यांना मिळतो. फॉन्टचंही तसंच. साधा उपाय म्हणजे ग्रुपबॉक्सच्या आत डॉक-फिल केलेलं (सगळी जागा व्यापणारं) एक पॅनेल टाक, पॅनेलला साधा फॉन्ट आणि काळा फोरकलर दे, आणि सगळी लेबलं त्या पॅनेलमध्ये हलव. साखळी पॅनेलपाशी तुटते. इथे रंग मुद्दाम 'भरणं' योग्य आहे, कारण तोडायचीच आहे.

---

होटगी_रोड

टॅबबद्दल कुणी बोललंच नाही. माझंही तेच रडगाणं आहे.

---

परतले_सोलापूरला

टॅब हा दुहेरी घोळ आहे. टॅबकंट्रोलला बॅककलर आहे, पण तो नावापुरता. विचाराल तेव्हा 'कंट्रोल' सांगतो, द्याल तर गप्प बसतो. त्यामुळे फॉर्मचा पिवळा तिथेच अडतो आणि टॅबपेजला वरून 'कंट्रोल' मिळतो. त्यातून टॅबपेजलाही ती बटणवाली लांबलचक प्रॉपर्टी आहे आणि डिझायनर ती खरी करून ठेवतो, म्हणजे पानाचं अंग थीम रंगवते.

म्हणून प्रत्येक टॅबपेजला रंग हाताने द्यावा लागतो. एकदा पानाला दिला की त्याच्या आतली लेबलं पुन्हा नियमाने त्याच्याकडूनच घेतात. बेस फॉर्ममध्ये टॅबपेज शोधून फक्त त्यांनाच रंग देणारी छोटी लूप ठेवा. कडकभाकरींची लूप शेवटी उपयोगी पडली म्हणायची.

टॅबची वरची कानं मात्र तशीच राहतात. ती रंगवायची तर ओनर-ड्रॉ करून स्वतः काढावी लागतात. मी त्या वाटेला गेले नसते.

---

कडकभाकरी

बघा, आलात की नाही लूपवर 😎

---

डेल्फी_मास्तर

टॅबपुरती मान्य!

एमडीआय (एका मोठ्या फॉर्मच्या आत बाकीचे फॉर्म उघडतात ती रचना) असेल तर त्यातच आणखी एक घाला. पेरेंट फॉर्मला कितीही रंग द्या, मधली मोठी राखाडी जागा फॉर्मची नसतेच. तिथे 'एमडीआय-क्लायंट' नावाचं वेगळं कंट्रोल पसरलेलं असतं. फॉर्मच्या कंट्रोल्समध्ये ते शोधून त्याचा बॅककलर बदलायचा. तुमच्या कामाला ही जागा सगळ्यात चांगली, कारण दुसरा कुठलाही फॉर्म उघडण्याआधी फर्मचा रंग तिथेच दिसतो.

---

यंत्रमाग_पूर्वभाग

एमडीआयच आहे, केलं लगेच. मालक खूश. आता ग्रिड राहिलं.

---

बाळीवेसकर

ग्रिडचं राज्य वेगळं आहे, तिथे फॉर्मचा कायदा चालत नाही. मागच्या रिकाम्या जागेला बॅककलर नाही, 'बॅकग्राउंड-कलर' लागतो, आणि तो मूळचा 'ॲप-वर्कस्पेस' असतो, म्हणून गडद राखाडी.

आतल्या चौकोनांची मात्र स्वतःची उतरंड आहे. एखाद्या सेलचा रंग ठरवताना आधी त्या सेलची स्वतःची स्टाइल बघतात. तिथे रिकामं असेल तर त्या रोची. मग एक सोडून एक येणाऱ्या रोंची, म्हणजे ऑल्टरनेटिंग. मग सगळ्या रोंची. मग कॉलमची, आणि शेवटी अख्ख्या ग्रिडची. इथे लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे कॉलम रोच्या खाली आहे. तू शिल्लक रकमेच्या कॉलमला फिकट हिरवा दिलास आणि ग्रिडला ऑल्टरनेटिंग रंगही लावलास, तर तो कॉलम एक आड एकच हिरवा दिसणार. ग्रिड बिघडलेलं नसतं, ऑल्टरनेटिंग कॉलमच्या वर बसतं एवढंच. अख्खा कॉलम हिरवा हवा असेल तर सेल-फॉर्मॅटिंगमध्ये त्या कॉलमपुरता रंग दे.

हेडरचा रंग लागत नसेल तर 'एनेबल-हेडर्स-व्हिज्युअल-स्टाइल्स' खोटं कर. तोवर तिथेही थीमच रंगवते.

---

होटगी_रोड

वाचनखूण साठवली. रीडओन्ली टेक्स्टबॉक्सचं एक कोडं माझ्याकडेही आहे. रीडओन्ली केला आणि फोरकलर लाल दिला तर अक्षरं लाल होत नाहीत. बॅककलरही दिला की होतात. बॅककलरचा लाल अक्षरांशी काय संबंध?

---

डेल्फी_मास्तर

संबंध खाली विंडोजमध्ये आहे. मूळ विन-३२ मध्ये एडिट बॉक्स स्वतःला रंगवण्याआधी पेरेंटला निरोप पाठवतो की माझा रंग कोणता. एरवी तो निरोप 'सीटीएल-कलर-एडिट' असतो, पण बॉक्स रीडओन्ली किंवा डिसेबल असला की तो 'सीटीएल-कलर-स्टॅटिक' पाठवतो, म्हणजे लेबलवाला. विंडोजच्या लेखी तो मग लिहायचा चौकोन राहत नाही. विनफॉर्म्स या जुन्या व्यवस्थेवरच उभं आहे. रंग पेरेंटला विचारायची सवय तिथलीच आणि हे कोपरेही तिथलेच. तेव्हा रीडओन्लीला लाल अक्षरं हवी असतील तर बॅककलरला त्याचाच बॅककलर परत द्या. ओळ बघायला वेडगळ वाटते, पण चालते. वर कॉमेंट टाका, नाहीतर पुढचा माणूस निरुपयोगी समजून काढून टाकेल.

पण परतलेताईंचा मुद्दा इथेही लागू. त्यानंतर तो चौकोन रीडओन्ली काढला तरी राखाडीच राहतो. त्या वेळी एम्प्टी देऊन मोकळा करा.

---

शेंगाचटणी

मध्येच तोंड घालतो. आम्ही नवं काम डब्ल्यूपीएफमध्ये (विनफॉर्म्सऐवजी वापरायची दुसरी पद्धत) करतोय. तिथे विंडोला बॅकग्राउंड दिला की सगळं सारखं दिसतं. तिथे इनहेरिटन्स चांगला आहे का?

---

परतले_सोलापूरला

तिथे बॅकग्राउंड इनहेरिट होतच नाही! बहुतेक पॅनेल्सना मुळात बॅकग्राउंडच नसतो, त्यामुळे मागची विंडो आरपार दिसते आणि तुम्हाला वाटतं रंग खाली आला. फोरग्राउंड आणि फॉन्ट मात्र खरोखर इनहेरिट होतात. पण वरून आलेली किंमत प्राधान्यात अगदी तळाला असते, तिच्याखाली फक्त डीफॉल्ट. बटणाच्या थीम स्टाइलमध्ये फोरग्राउंड आधीच लिहिलेला असतो, म्हणून विंडोचा फोरग्राउंड टेक्स्टब्लॉकपर्यंत पोचतो आणि बटणापर्यंत नाही. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, इथे विनफॉर्म्सच राहू द्या.

---

यंत्रमाग_पूर्वभाग

सद्यस्थिती: फॉर्मला बॅककलर-फोरकलर, टॅबपेज आणि एमडीआयला वेगळा, ग्रिडला बॅकग्राउंड-कलर, बाकी सगळे ठळकवाले रीसेट. आता फक्त तारखेचा चौकोन राहिला. डेटटाइमपिकरला काहीही द्या, पांढराच.

---

बाळीवेसकर

राहू दे पांढरा. तो विंडोजचा आयता कंट्रोल आहे, त्याचा बॅककलर लागत नाही. उघडणाऱ्या कॅलेंडरचे रंग वेगळ्या प्रॉपर्टींत दिलेत, पण व्हिज्युअल स्टाइल्स चालू असल्या की तेही लागत नाहीत. शेजारी टेक्स्टबॉक्स पांढरे आहेतच, त्यात तो खपून जातो.

---

होटगी_रोड

जाता जाता, डार्क मोडचं काय? रात्रपाळीवाले मागतात.

---

डेल्फी_मास्तर

४.८ वर आयता नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या डॉट नेट ९ मध्ये ॲप्लिकेशन-सेट-कलर-मोड आलाय. तेव्हा तोही प्रायोगिक म्हणून होता, डब्ल्यूएफओ-५००१ ची सूचना दाबल्याशिवाय कंपाइल होत नव्हतं. त्यात सिस्टिमचे रंगच गडद किंमती सांगायला लागतात. म्हणजे ज्यांची जागा रिकामी आहे किंवा ज्यांना सिस्टिमचे रंग दिलेत ती कंट्रोल्स आपोआप गडद होतात, आणि ज्यांना कुणी हाताने पांढरा भरून ठेवलाय ती अंधारात ट्यूबलाइटसारखी चमकतात. तिकडे जायचा विचार असेल तर आधी डिझायनर फाइलींतल्या बॅककलरच्या ओळी काढायला घ्या. ते काम ४.८ वर असतानाच करता येतं.